रोजच्या लिखाणाचं पेन कसं शोधावं: पहिल्यांदाच नीट निवडणाऱ्यांसाठी

पेन घ्यायला गेलं की समोर एक चिटोरा येतो. त्यावर आपण सही करतो, दोन गिरगोट्या मारतो, आणि जे पेन झरझर पळेल ते घेऊन घरी येतो. चार दिवसांत ते खणात जाऊन पडतं. कारण सही आणि गिरगोट्या आपण डोळे मिटूनही करतो. पानभर मजकूर लिहिताना हात वेगळा चालतो, दाब वेगळा पडतो, आणि पेनाचे खरे गुण-दोष दुसऱ्या परिच्छेदानंतर दिसू लागतात.

माझं काम बैठकांना बसून हाताने नोंदी घ्यायचं आहे, त्यामुळे हाताखालून बरीच पेनं गेली. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: निवडायचं असतं ते रिफिल. कागदाला टेकतं ते टोक आणि त्यातून उतरणारी शाई, एवढंच अक्षराला माहीत असतं. पेनाचं अंग हाताच्या सोयीसाठी, आणि त्याचा विचार नंतर. बहुतेक जण हे उलट करतात. रंगरूप बघून पेन घेतात आणि आत जे येईल त्याच्याशी जुळवून घेतात.

खाली सांगितलेला क्रम पाळला तर साधारण दोन-तीन आठवड्यांत हाताला बसणारं पेन सापडतं. घाई असेल तर पायरी १, ३ आणि ६ तरी करा.

हाताशी काय ठेवायचं

- रोज वापरता तीच वही, आणि रोज हाताखाली येणारे सुटे कागद: प्रिंटरचा कागद, छापील फॉर्म, डायरीचं पान
- सध्याचं पेन, आवडतं असो वा नावडतं
- मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी
- टिश्यू किंवा टीपकागद, आणि वाटीत थोडं पाणी
- तीन साधी पेनं: एक नेहमीचं बॉलपेन, एक कमी दाट शाईचं बॉलपेन, एक ०.५ चं जेलपेन

शाईपेन पहिल्या फेरीत आणू नका. ते हातात आलं की बाकीच्यांकडे लक्षच जात नाही, आणि तुलना तिथेच संपते.

१. आधी स्वतःचं लिहिणं तपासा

वहीतलं एखादं भरलेलं पान उलटा आणि मागच्या बाजूने बोट फिरवा. अक्षरं बोटाला लागत असतील तर तुम्ही दाबून लिहिता. तसं असेल तर सुईसारख्या बारीक टोकाची पेनं तुमच्यासाठी नाहीत. टोक कागदात रुततं, खरवडतं, आणि काही दिवसांत वाकडंही होतं.

मग पट्टी घ्या आणि शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतचं अंतर मोजा. ‘म’ किंवा ‘ग’ घ्या, म्हणजे कान्याची उंची सरळ मोजता येते. तीन मिलिमीटरच्या आत असेल तर अक्षर बारीक. चार-पाचच्या वर असेल तर टपोरं. हा आकडा लिहून ठेवा, तिसऱ्या पायरीत लागेल.

तिसरं म्हणजे कुठे लिहिता. टेबलापाशी बसून, मांडीवर वही ठेवून, की उभ्या उभ्या? कागद भिंतीला लावून लिहायची वेळ वारंवार येत असेल तर लक्षात ठेवा की साध्या बॉलपेनात शाई गुरुत्वाकर्षणाने टोकाशी येते. टोक वर झालं की थोड्याच ओळींत पेन उठायचं थांबतं. यावरचा उतारा म्हणजे दाबाखाली नायट्रोजन भरलेलं रिफिल. फिशर कंपनीचं असं पेन १९६८ मध्ये अपोलो ७ मोहिमेबरोबर अवकाशात गेलं होतं. टेबलापाशी बसून लिहिणाऱ्याला त्याची काही गरज नाही, पण गोदामात किंवा बांधकामावर उभ्याने नोंदी करणाऱ्यांना ते खरंच उपयोगी पडतं.

२. शाईचे प्रकार समजून घ्या

पेनावर काहीही छापलेलं असो, आत मुळात पाचच प्रकार असतात.

*साधं बॉलपेन.* शाई तेलाची, घट्ट. लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने १९३८ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि पुढे अर्जेंटिनात जाऊन ते बाजारात आणण्याजोगं केलं. फ्रान्सच्या बिक कंपनीने १९५० मध्ये ‘क्रिस्टल’ हे षटकोनी, पारदर्शक पेन आणलं आणि बॉलपेन सगळ्यांच्या खिशात गेलं. ही शाई लगेच वाळते, कागदात फुटत नाही, जवळजवळ कुठल्याही कागदावर चालते आणि पुष्कळ पुरते. एक रिफिल दोनेक किलोमीटर रेघ सहज ओढतं. दोष दोन. दाब द्यावा लागतो, म्हणून तासाभराने अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं. आणि वळणावर शाईचा गोळा साठतो, तो नेमका पुढच्या अक्षरावर उतरतो. कार्बन लावून प्रती काढायच्या असतील तर मात्र याला पर्याय नाही.

*कमी दाट शाईचं बॉलपेन.* हीही तेलाचीच शाई, पण पातळ केलेली. युनीचं जेटस्ट्रीम हे यातलं सर्वांत माहितीचं नाव. दाब निम्म्यावर येतो, रेघ गडद उमटते, आणि वाळण्याचा वेग बॉलपेनाजवळचाच राहतो. कुणी मला ‘काहीच ठरवायचं नाही, एकच सांगा’ म्हटलं तर मी याच प्रकाराकडे बोट दाखवते. एक खोड: हलक्या हाताने सरळ रेघ ओढताना काही पेनं मध्येच कोरडी जातात. त्याबद्दल पुढे.

*जेलपेन.* पाण्याची शाई, पण घट्ट केलेली. जपानच्या साकुरा कंपनीने १९८४ मध्ये ती बाजारात आणली. गंमत अशी की ही शाई नुसती असताना दाट असते आणि टोकातली गोळी फिरायला लागली की तेवढ्यापुरती पातळ होते. कागदावर उतरली की पुन्हा दाट. म्हणून दाब लागत नाही आणि अक्षर ठसठशीत येतं. किंमत म्हणून वाळायला वेळ लागतो आणि रिफिल भराभर संपतं. पानंच्या पानं लिहिणाऱ्याला हे दुसरं चांगलंच जाणवतं.

*रोलरबॉल.* गोळी तीच, शाई मात्र पाण्यासारखी पातळ. लिहायला फार सुखाचं, कागदाच्या बाबतीत फार नखरेल. टोपण विसरलात तर वाळतं. साध्या कागदावर शाई मागे उमटते.

*शाईपेन.* निबला दाब लागतच नाही. शाई केशाकर्षणाने आपोआप उतरते. हात दुखणाऱ्यांना यासारखं औषध नाही. पण ते धुवावं लागतं, भरावं लागतं, आणि दिवसातून पन्नास वेळा दोन-दोन शब्द लिहायचे असतील तर टोपण काढ-घाल करून जीव मेटाकुटीला येतो. रोजचं एकमेव पेन म्हणून ते सगळ्यांना झेपत नाही, असं माझं मत. सोबतीचं म्हणून उत्तम.

३. टोकाची जाडी: इथे देवनागरीचा विचार करा

पेनावर ०.३८, ०.५, ०.७, १.० असे आकडे असतात. बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत तो टोकातल्या गोळीचा व्यास असतो, रेघेची जाडी नव्हे. रेघ त्याहून बारीक येते. आणि त्याच आकड्याचं जेलपेन साध्या बॉलपेनापेक्षा जाड, गडद रेघ देतं. म्हणून बॉलपेनाचं ०.७ आवडतं म्हणून जेलचंही ०.७ उचललं, असं करू नका. एक पायरी खाली या.

पेनांबद्दलचा बराचसा सल्ला रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून दिलेला असतो. आपल्या लिपीच्या गरजा वेगळ्या आहेत. ‘म’ आणि ‘भ’ची गाठ, ‘घ’ आणि ‘ध’मधला फरक, वेलांटीच्या पोटात बसणारा अनुस्वार, अक्षराच्या डोक्यावरचा रफार, खाली लोंबणारा ‘द्ध’ किंवा ‘ट्ट’: एवढ्याशा जागेत बरंच काही मावावं लागतं. टोक जाड असेल तर आधी गाठी भरतात. मग ‘द्ध’ आणि ‘द्व’ सारखेच दिसायला लागतात. अक्षर वाईट आहे म्हणून जे लोक स्वतःला दोष देतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचं फक्त पेन जाड असतं.

पहिल्या पायरीत मोजलेला आकडा आता काढा.

- तीन मिलिमीटरच्या आत: जेलमध्ये ०.३८ किंवा ०.४, कमी दाट बॉलपेनात ०.५
- तीन ते साडेचार: जेलमध्ये ०.५, बॉलपेनात ०.७
- त्याहून मोठं: जेलमध्ये ०.७, बॉलपेनात १.०

शाईपेन घेणार असाल तर जपानी आणि युरोपीय निबमधला फरक ध्यानात घ्या. जपानी ‘फाइन’ युरोपीय ‘फाइन’पेक्षा साधारण एक घर बारीक असतं. देवनागरीला जपानी फाइन छान बसतं. युरोपीय मीडियमने जोडाक्षरं लिहून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

दुसरी गोष्ट शिरोरेघेची. काही जण अक्षरागणिक रेघ देतात, काही जण शब्द पुरा करून मग वरून एक रेघ ओढतात. दुसऱ्या गटात असाल तर तुमचं पेन नुकत्याच लिहिलेल्या, अजून ओल्या असलेल्या कान्यांच्या डोक्यांवरून जातं. सावकाश वाळणारी शाई असेल तर रेघ आणि काना मिळतात तिथे बारीक ठिपके साठतात, आणि चकचकीत कागदावर ते उजवीकडे ओढलेही जातात. शिरोरेघच न देणाऱ्यांना हा प्रश्न नाही. त्यांनी ओल्या शाईची पेनं खुशाल वापरावीत.

४. कागद बघा

पेन वाईट नसतं, कागद वाईट असतो, असं निम्म्या वेळा तरी होतं. कागदाला कारखान्यात खळ दिलेली असते. ती कमी पडली की शाई तंतूंमध्ये शिरते आणि अक्षराच्या कडांना मुळ्या फुटतात. वजनाचा आकडा, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, यावरून फक्त जाडीचा अंदाज येतो. ७० ग्रॅमचा चांगल्या खळीचा कागद ८० ग्रॅमच्या भुसभुशीत कागदापेक्षा शाई अधिक नीट धरतो.

तपासायची रीत सोपी आहे. पानाच्या कोपऱ्यात एक ठिपका द्या आणि पेन तीन सेकंद तिथेच टेकवून ठेवा. ठिपक्याला मुळ्या फुटल्या, किंवा मागच्या बाजूला तो काळा दिसला, तर त्या वहीसाठी पातळ शाईचं पेन बाद. मागून नुसती सावली दिसत असेल तर चालेल.

गुळगुळीत, लेप दिलेल्या कागदावर उलटं होतं. तिथे पातळ शाई मुरत नाही, वर तरंगते आणि पुसली जाते. पावत्या, रंगीत छपाईचे फॉर्म, पाकिटांवरचे चकचकीत लेबल यांच्यासाठी एक साधं बॉलपेन वेगळं ठेवाच.

५. पकड, वजन, तोल

हे दोन मिनिटांत उरका. बोटं टेकतात तिथली जाडी फार बारीक असेल तर बोटं आवळली जातात. धातूची गुळगुळीत पकड दिसायला देखणी. घाम आला की बोट खाली घसरतं. रबराची पकड सुरुवातीला मऊ लागते आणि वर्ष-दोन वर्षांनी काही पेनांत चिकट होते. त्रिकोणी पकड, लॅमी सफारीसारखी, बोटं ठरलेल्या जागी बसवते. तुमची बोटं तशीच बसत असतील तर सोन्याहून पिवळं, नाहीतर दर ओळीला भांडण.

वजनापेक्षा ते कुठे आहे ते महत्त्वाचं. पेन लिहायच्या पकडीत धरा आणि पकड सैल करा. मागचं टोक हाताच्या बेचक्यात खाली खेचलं जात असेल तर पेन मागे जड आहे. टोपण मागे लावल्यावर बरीच पेनं अशी होतात.

खटक्याचं की टोपणाचं? तुटक तुटक नोंदी घेणाऱ्यांना खटक्याचं. पण खिशात ठेवणार असाल तर खटका आपोआप दाबला जाऊन कापडावर डाग पडतो, हे गृहीत धरा. बैठकीत खटका वाजवत बसणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

६. पानभर चाचणी

यासाठी शांतपणे अर्धा तास काढा. तिन्ही पेनं घ्या, रोजची वही घ्या, आणि प्रत्येक पेनाने पुढचं सगळं त्याच क्रमाने करा.

अ) आधी पेनाचं नाव, आकडा आणि तारीख त्याच पेनाने लिहा. कंटाळा करू नका; पुढच्या आठवड्यात कुठली ओळ कशाची हे आठवत नाही.

आ) हे शब्द नेहमीच्या आकारात लिहा: द्वंद्व, शुद्ध, उद्ध्वस्त, घड्याळ, धबधबा, खरखर, किंकाळी, सर्वांगीण, लठ्ठ. गाठी उघड्या राहिल्या का, ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे दिसतात का, वेलांटीतला अनुस्वार ठिपका म्हणून उरला की रेघेला चिकटला, ते बघा. हातभर अंतरावरून बघा. नाकाशी धरून सगळंच वाचता येतं.

इ) एक लांब शिरोरेघ ओढा, समासापासून समासापर्यंत, हलक्या हाताने आणि वेगाने. मग तशीच सावकाश. पेन कुठे कोरडं जातं हे दाखवणारी यासारखी दुसरी युक्ती मला सापडलेली नाही. गोळी एकाच दिशेने, कमी दाबाने फिरते, आणि शाई पुरवताना पेन कमी पडत असेल तर रेघेत पांढरी फट दिसते. बॉलपेनात सुरुवातीचा एखादा मिलिमीटर कोरडा जाणं मी चालवून घेते. मध्ये तुटली तर नाही.

ई) एक शब्द लिहा, मनात पाच मोजा, त्यावरून कोरडं बोट फिरवा. दुसरा शब्द लिहा, दहा मोजा, फिरवा. पाचात वाळलं तर पान उलटताना काळजी नको. दहातही पुसलं गेलं तर ती शाई आणि तो कागद यांचं जमणार नाही.

उ) आता सलग लिहा. निदान पाऊण पान. काय लिहायचं सुचत नसेल तर काल दिवसभरात काय काय झालं ते लिहा. बघून उतरवू नका, कारण बघून लिहिताना हात सावकाश चालतो. शेवटच्या चार ओळी मुद्दाम घाईत लिहा. लिहून झाल्यावर पहिली ओळ आणि शेवटची ओळ शेजारी ठेवून बघा. चांगल्या पेनाने शेवटची ओळ थोडी तिरकी, थोडी गिचमिड होते, पण वाचता येते. न मानवणाऱ्या पेनाने अक्षर किरटं होत जातं, कारण हात आखडलेला असतो. अंगठा, मनगट, खांदा कुठे ताणलंय ते त्याच पानावर एका ओळीत टिपून ठेवा.

ऊ) पेन उघडं ठेवून पंधरा मिनिटांनी पुन्हा लिहा. पहिल्याच अक्षरापासून उठलं पाहिजे.

यानंतर तीनपैकी एक पेन आठवडाभर रोजच्या कामाला लावा. बाकीची दोन नजरेआड ठेवा, नाहीतर हात सारखा बदलत राहतो.

सापळा: नव्या पेनाच्या टोकावर बऱ्याचदा मेणासारखा एक बारीक मणी असतो, वाहतुकीत शाई गळू नये म्हणून. तो काढल्याशिवाय पेन उठत नाही, आणि लोक पेन बिघडलेलं समजून परत करतात. तसंच जेल रिफिलच्या मागच्या टोकाला जो पारदर्शक चिकट थर दिसतो तो दोष नव्हे. ते ग्रीस असतं. शाई मागून वाळू नये आणि गळू नये म्हणून घातलेलं. पुसून टाकू नका.

७. डावखुऱ्यांनी हे वेगळं बघा

उजव्या हाताने लिहिणारा पेन ओढतो, डावखुरा ढकलतो. ढकलताना टोक कागदात अडतं, म्हणून बारीक सुईटोक आणि टोकदार निब दोन्ही त्रास देतात. शिवाय हात नुकत्याच लिहिलेल्या शब्दावरून जातो, आणि शब्द संपवून शिरोरेघ देणाऱ्यांचा तर त्याच शब्दावरून दोनदा जातो. म्हणून ‘ई’ची चाचणी डावखुऱ्यांनी पाच नव्हे, दोन मोजून करावी. कमी दाट बॉलपेन सगळ्यांत आधी बघा. जेलच हवं असेल तर लवकर वाळणाऱ्या शाईची पेंटेलची एनर्जेल किंवा झेब्राची सारासा ड्राय यांच्यापासून सुरुवात करा. वही थोडी उजवीकडे तिरकी केली तर हात ओळीच्या खाली राहतो, हे बऱ्याच जणांना शाळेत कुणी सांगितलेलंच नसतं.

८. लिहिलेलं किती टिकायला हवं?

किराण्याच्या यादीला कुठलीही शाई चालते. करार, अर्ज, नोंदवही यांना नाही. शाई दोन तऱ्हांनी रंगवतात: पाण्यात विरघळणाऱ्या रंगाने, किंवा न विरघळणाऱ्या बारीक कणांनी. कणांची शाई कागदाच्या तंतूंत अडकते आणि पाण्याने जात नाही. युनीबॉल सिग्नो २०७ ची शाई या जातीची.

कागदपत्रांसाठीच्या शायांना आंतरराष्ट्रीय मानकं आहेत: बॉलपेनाला आयएसओ १२७५७-२, रोलरबॉलला आयएसओ १४१४५-२, जेलला आयएसओ २७६६८-२. यांत पाणी, प्रकाश, मद्यार्क, ब्लीच, खोडरबर यांपुढे शाई टिकते का ते तपासतात. रिफिलवर किंवा पाकिटावर हा आकडा छापलेला असेल तर निर्धास्त राहा. ‘-२’ महत्त्वाचं, ‘-१’ हा भाग सर्वसाधारण वापरासाठीचा आहे.

घरी तपासायचं तर लिहिलेल्या ओळीवर पाण्याचे दोन थेंब टाका, मिनिटभर थांबा, टिश्यूने टिपा. काय उरतं ते दिसेलच.

मोठा सापळा: खोडता येणारी जेलपेनं. पायलटच्या फ्रिक्शनमध्ये शाई रबराने खरवडली जात नाही, घासण्याच्या उष्णतेने रंगहीन होते. साधारण ६० अंश सेल्सियसला. म्हणजे उन्हात बंद गाडीच्या काचेखाली ठेवलेली वही, लॅमिनेशनच्या यंत्रातून गेलेला कागद, गरम कपाखाली आलेला कोपरा, सगळं कोरं होऊ शकतं. थंडीत, शून्याखाली दहा-वीस अंशांवर, अक्षरं परत उमटतात. कच्च्या नोंदींना हे पेन फार सोयीचं. सही, धनादेश, परीक्षा, अर्ज यांना कधीच नाही. आणि ते तुमच्या नेहमीच्या पेनासारखं दिसत असेल तर त्याला ठळक खूण करून ठेवा.

काळी की निळी, यावर एवढंच: निळ्या सहीमुळे मूळ कागद आणि झेरॉक्स एका नजरेत ओळखता येतात. फॉर्मवर रंग सांगितलेला असेल तर तोच.

९. आता अंग निवडा, पण रिफिलचं माप बघून

रिफिल ठरलं. आता ते ज्या अंगात बसतं त्यांतलं हाताला आवडेल ते घ्या. सर्वांत जास्त पेनांत बसणारं माप म्हणजे पार्करच्या धर्तीचं रिफिल, लांबी सुमारे ९८ मिलिमीटर. पार्करचं जॉटर १९५४ मध्ये आलं, आणि तेव्हापासून असंख्य कंपन्या या मापाची पेनं आणि रिफिलं करतात. हे अंग घेतलंत तर आतली शाई उद्या बदलता येते.

इथे नावाचा एक भलताच घोळ आहे. या मापाला मानकात ‘जी२’ म्हणतात. पायलटचं ‘जी२’ नावाचं लोकप्रिय जेलपेनही आहे. त्या पेनात ‘जी२’ मापाचं रिफिल बसत नाही, आणि त्या पेनाचं रिफिल पार्करच्या धर्तीच्या पेनात जात नाही. मागवण्याआधी नाव नका बघू, लांबी बघा.

एकाच पेनात तीन-चार रंग असतात त्यांत बहुधा ‘डी१’ मापाची बारकी रिफिलं असतात, ६७ मिलिमीटरची. शाई फारच थोडी मावते. रोज पानंच्या पानं लिहिणाऱ्याने हे मुख्य पेन करू नये.

शाईपेनाच्या काडतुसांचंही, म्हणजे आत बसवायच्या शाईभरल्या नळ्यांचंही, तेच. अनेक युरोपीय पेनांना एकच प्रमाणित काडतूस चालतं. पण लॅमी, पार्कर, पायलट, प्लॅटिनम, सेलर यांची प्रत्येकाची आपापली. बाटलीतली शाई भरणार असाल तर कन्व्हर्टर, म्हणजे काडतुसाच्या जागी बसणारी शाई ओढून घ्यायची नळी, बसतो ना ते विचारा. आणि चित्रकलेची ‘इंडियन इंक’ शाईपेनात कधीही भरू नका. तिच्यातला लाखेचा अंश आत वाळून बसतो आणि पेन कायमचं तुंबतं.

१०. ठेवणं आणि अडलं तर उठवणं

बॉलपेन आणि जेलपेन टोक खाली किंवा आडवं ठेवा. शाईपेन खिशात असताना निब वर. विमानात शाईपेन न्यायचं तर पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं. अर्धवट भरलेल्यातली हवा केबिनचा दाब उतरला की फुगते आणि शाई बाहेर ढकलते.

बॉलपेन अडलं तर आधी कागदावर सावकाश गोल गोल फिरवा, घाईने नको. नाही उठलं तर टोक मिनिटभर कोमट पाण्यात धरा, पुसा, पुन्हा फिरवा. काडी पेटवून टोक तापवायची युक्ती सगळ्यांना माहीत असते; तिने प्लॅस्टिक वितळतं आणि गोळीची खोबण बिघडते. जेल रिफिलमध्ये शाईच्या मध्ये हवेची फट दिसत असेल तर पेन पडलेलं किंवा आपटलेलं असतं. रिफिल टोक बाहेर राहील असं कापडात घट्ट धरून दोन-चार हिसके द्या, फट मागे सरकते. टोकावर उभं पडलेलं पेन मात्र सहसा सुधारत नाही. गोळी बसलेली कड वाकते, मग एका दिशेला चालतं आणि दुसरीकडे खरवडतं. ते रिफिल टाका.

आवडलेलं रिफिल एकदम डझनभर घेऊन ठेवायचा मोह होतो. तेलाच्या शाईचं असेल तर ठीक. जेलचं असेल तर दोन-तीनच घ्या, पडून राहिलेली वाळतात, आणि पाकिटावर तारीख असेल तर त्यांतलं जुनं आधी वापरा.